पलीकडे उतरणाऱ्यांची गाडी

(जुन्या गाड्या विकणाऱ्याचं आवार, वर पत्रे. दुपार उतरणीला लागलेली. भूगोल शिकवून निवृत्त झालेले मास्तर, शिवणकाम करणारी त्यांची बायको, जिला सगळे काकू म्हणतात, आणि गाडीवाला.)

मास्तर — ते सगळं ठीक आहे हो, पण पोटाखाली उंची किती? ती सांगा. सीटचं कापड घेऊन मला काय करायचंय?

गाडीवाला — भरपूर आहे सर. वीतभर आणि वर चार बोटं.

मास्तर — माझी वीत की तुमची?

काकू — त्यांना ‘तुमची’ म्हणा आणि पुढं चला. नाही तर ते खाली वाकून मोजतील, आणि मग उठवायला मी.

मास्तर — भरवशाची गाडी हवी तर मोजावंच लागतं. मागच्या वेळी मोजलं नाही, त्याची फळं भोगतोय. हे बघा, आमची गरज आधी नीट समजून घ्या. आमचा डोंगर चढणाऱ्यांचा गट आहे. एकाआड एक रविवारी निघतो. आणि आमचा एक नियम आहे. ज्या वाटेनं चढलो त्या वाटेनं उतरायचं नाही. इकडून चढायचं, धारेवरून चालायचं आणि पलीकडे उतरायचं. गटाचं नावच ‘आरपार’.

गाडीवाला — वा. आणि गाडी?

मास्तर — गाडीचं काय?

गाडीवाला — नाही, गाडी अलीकडे राहिली ना सर. तुम्ही पलीकडे उतरलात.

मास्तर — हां, ती येते वळसा घालून.

काकू — आपोआप येते.

मास्तर — म्हणजे ही आणते. उत्तम चालवते हो. घाटात अशी चालवते की मागच्यांना झोप लागते.

गाडीवाला — ताई चालवतात? मग मी मघापासून सगळं सरांना काय सांगत बसलोय!

काकू — सगळे त्यांनाच सांगतात. मला ऐकू येतं बाजूनं.

गाडीवाला — बसा ना ताई, खुर्ची घ्या. उभं राहून राहून पाय दुखले असतील. चहा येतोय.

काकू — बसते. सकाळपासून हे चौथं आवार. आधीच्या तिघांनी चहासुद्धा विचारला नाही. यांचे प्रश्न ऐकूनच पळाले.

मास्तर — पळाले कारण त्यांच्याकडे उत्तरं नव्हती. एकाला मी विचारलं, ओढा ओलांडायचा तर पाणी कुठवर चालेल? तर म्हणतो, गाडी धुवायला कितीही चालेल. अशा माणसाकडून गाडी घ्यायची?

गाडीवाला — आमच्याकडे तसं नाही सर. ही हिरवी बघा. आठ जण आरामात, वर सामानाला जाळी, चारही चाकं ओढणारी.

मास्तर — चारही? हे महत्त्वाचं. ऐकतेस ना?

काकू — ऐकतेय. ती कोपऱ्यातली पांढरी कसली आहे?

गाडीवाला — ती होय? ती बिनक्लचची. एका डॉक्टरीणबाईंची होती, दवाखान्यात जायच्या-यायच्या. चालवायला एकदम हलकी. डाव्या पायाला कामच नाही.

मास्तर — पाच माणसांची आहे ती.

काकू — मी नुसतं विचारलं.

मास्तर — आपण आठ. तीन माणसं काय टपावर बसवायची? आणि बिनक्लचच्या गाडीचा घाटात काय भरवसा?

गाडीवाला — तसं आता राहिलेलं नाही सर. घाटातही छान—

मास्तर — तुम्ही विकणार, तुम्ही छानच म्हणणार.

काकू — तुम्ही वाद घालू नका त्यांच्याशी. माझा डावा गुडघा विचारत होता, त्याला उत्तर मिळालं. हिरवीचं सांगा पुढं.

मास्तर — गुडघ्याला पट्टा लाव म्हणून मी शंभरदा सांगितलं. आणून ठेवलाय घरात.

काकू — पट्टा लावून क्लच दाबून बघा एकदा.

गाडीवाला — गुडघ्याचा त्रास केव्हापासून ताई?

काकू — पूर्वी पायमशीन होतं, तेव्हापासूनचा. आता मोटर बसवलीय, पण जे झिजायचं ते झिजून गेलं. सहा दिवस मशीनवर बसायचं आणि सातव्या दिवशी स्टिअरिंगवर. डॉक्टर म्हणतात, गादी उरलेली नाही आत. अजून वर्ष-दोन वर्षं चालाल धडपणे, मग बघू.

मास्तर — डॉक्टर घाबरवतात. त्यांचा धंदा आहे.

काकू — हो. आणि गाडीवाले छान म्हणतात.

गाडीवाला — अहो, मला का ओढता मधे! घ्या, चहा घ्या. सर, एक विचारू? ही जुनी गाडी तुम्ही बदल्यात द्यायची म्हणताय. तिचा नेमका त्रास काय सांगितलात?

मास्तर — पेटाऱ्याचा?

गाडीवाला — पेटारा?

मास्तर — आमचा दंतवैद्य आहे गटात, त्यानं नाव ठेवलंय. त्रास म्हणजे काय, भर घाटात बंद पडली. मागच्याच फेरीला. आम्ही पलीकडे उतरलो तर गाडी नाही. ऊन गेलं, वारा सुटला, तरी गाडी नाही. एका बंद दुकानाच्या ओट्यावर सात जण कुडकुडत बसलेले. फोनला रेंज नाही. दंतवैद्याला दुसऱ्या दिवशी ताप भरला. बँकेतल्या एक बाई आहेत, त्या मला सगळ्यांसमोर म्हणाल्या, मास्तर, आधी गाडी बदला, मग आम्हाला डोंगर दाखवा. इतक्या वर्षांत मला असं कुणी बोललं नव्हतं. मान खाली घालून मी एकेकाची माफी मागितली.

गाडीवाला — ते झालं, पण बिघाड काय निघाला?

मास्तर — क्लच. खडीच्या खाणीपाशी एक अवघड वळण आहे, तिथं क्लच तापला. गाडी ओढेना. हिनं बाजूला घेतली, थंड होऊ दिली आणि मग सावकाश आणली. बरोबर ना गं?

काकू — चहा गार होतोय तुमचा.

गाडीवाला — दाखवला कुठं?

मास्तर — दाखवायचं काय त्यात? कारण उघड आहे. सामानाचं वजन, चढ, वर दुपारचं ऊन. मी घरी आकृती काढून सगळ्यांना समजावून सांगितलं.

काकू — दोन आकृत्या. एक बाजूनं आणि एक वरून.

गाडीवाला — नाही, मी का विचारतोय सांगतो. तुम्ही आल्या आल्या गाड्या बघत फिरत होतात ना, तेवढ्यात मी तुमचा पेटारा मागच्या चढावर नेऊन आणला. अर्ध्या चढात थांबवला, परत उचलला. बोटभर मागं सरकला नाही. वास नाही, थरथर नाही. एवढा क्लच तापून गेलेली गाडी अशी वागत नाही सर. कुणीतरी पोटच्या पोरासारखी सांभाळलीय ती.

मास्तर — तुमच्या चढावर आणि आमच्या घाटात फरक आहे.

गाडीवाला — असेल. पण पुढचं गिऱ्हाईक मला विचारणार, का विकली? तेव्हा मी काय सांगू? घाटात दगा देते म्हणून सांगू का?

मास्तर — सांगायलाच हवं! तुम्ही लपवणार होतात?

गाडीवाला — मी कुठं म्हटलं लपवणार म्हणून—

मास्तर — हे बघा, मी जन्मभर मुलांना खरं बोला म्हणून सांगितलं. माझी खराब गाडी दुसऱ्याच्या गळ्यात मारून मला झोप लागणार नाही. त्याच्या गाडीत लहान मुलं असतील. भलत्या ठिकाणी बंद पडली तर? नाही, नकोच. विकूच नका तिला. भंगारात द्या.

काकू — काय?

मास्तर — भंगारात. सुटे भाग करू देत. मला काही मिळालं नाही तरी चालेल.

काकू — अहो, तोडायची कशाला चांगली गाडी?

मास्तर — चांगली? सात माणसांना उघड्यावर बसवणारी गाडी चांगली? तुझा जीव आहे तिच्यावर, मला समजतं. पण भरवसा एकदा गेला की गेला.

काकू — तिचा काय दोष त्यात!

मास्तर — दोष तिचाच. गाडीचं काम काय? ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी पोचणं. ते जिला जमत नाही, ती—

काकू — गाडी बंद पडली नव्हती.

मास्तर — म्हणजे?

काकू — चांगली चालत होती. मी थांबवली.

मास्तर — क्लच तापल्यामुळे.

काकू — क्लचचं नाव घेऊ नका हो आता. किती वेळा तेच तेच. क्लचला काही झालं नव्हतं.

गाडीवाला — मी जरा बाहेर एक फोन करून येतो.

काकू — बसा. तुमचंच आवार, तुम्ही कुठं जाताय? परक्या माणसासमोर एकदाचं बोलून होईल. घरी बोलायला बसले तर हे उठून नकाशा आणतात.

मास्तर — मला काही समजत नाहीये. तू गाडी थांबवलीस. कशासाठी?

काकू — कशासाठी असं काही नाही. त्या दिवशी निराळं काहीच घडलं नव्हतं. तुम्हाला पायथ्याशी सोडलं. दंतवैद्य म्हणाला, काकू, तुमची मजा आहे बुवा, बसल्या बसल्या डोंगर पार. तो दर वेळी म्हणतो. मी दर वेळी हसते. मग निघाले. खाणीपाशी समोरून ट्रक आला, त्याला वाट दिली. क्लच दाबला, पाय उचलला, आणि परत ठेववेना.

मास्तर — दुखत होता?

काकू — दुखतो तो रोजच. दुखण्यासाठी कोण थांबतंय! नुसता ठेववेना. मी पायाकडे बघत बसले. म्हटलं, ठेव बाई, सात जण उतरतील, खोळंबतील. तर नाहीच. मग गाडी उतारानं कडेला घेतली, चाकाला दगड लावला आणि उतरले. खाणीच्या मागून एक पाऊलवाट वर जाते.

मास्तर — तिथं वाट नाहीये.

काकू — आहे.

मास्तर — नकाशात नाही.

काकू — नसेल. मी नकाशावरून नाही गेले. इतकी वर्षं बघतेय मी ती वाट. बघतेय म्हणजे काय, डोळ्याच्या कोपऱ्यातून. नेमकं तिथंच वळण आहे, मान फिरवता येत नाही. म्हटलं आज पूर्ण बघू.

मास्तर — आणि वर गेलीस? एकटी? पायात काय होतं?

काकू — चपला. घरातल्याच.

गाडीवाला — बापरे. खाणीपाशी सगळी खडी असते ताई.

काकू — खडी संपते हो थोड्यात. मग गवत आहे. वर टेकाडच आहे, काही मोठा डोंगर नव्हे. लहान मुलं पळत जातील. मी किती वेळा थांबले ते माझं मला ठाऊक. पण गेले. आणि वर जाऊन बघते तर समोर तुमची धार. अख्खी. आणि धारेवर तुम्ही सगळे.

मास्तर — आम्ही दिसत होतो?

काकू — ओळीनं. एवढे एवढे, बटणांसारखे. पुढं तुमची टोपी होती. मी ओळखली, मीच शिवलीय ती. मग मी हात केला.

मास्तर — मी बघितलं नाही.

काकू — कसं बघणार? पुढं बघून चालत होतात. मी ओरडलेसुद्धा. तुमच्या नावानं ओरडले, जे नाव मी कधी घेत नाही. मग माझं मलाच हसू आलं, इथून कुणाला ऐकू जाणार म्हणून. आणि मग रडू आलं.

मास्तर — का?

काकू — मला फार बरं वाटत होतं हो. वारा होता, कुणी काही मागत नव्हतं, कुणाला कुठं पोचवायचं नव्हतं. आणि त्याच वेळी इतकं वाईट वाटत होतं की काय सांगू. तुम्ही वरच्या तळ्याच्या बाजूला वळलात, दिसेनासे झालात, तरी मी बसूनच राहिले. मला ठाऊक होतं उशीर होतोय. उठवत नव्हतं. आणि उतरताना गुडघ्यानं घोळ केला. निम्मी उतरण मी बसून सरकत आले. साडी फाटली ती त्यातच. तुम्हाला सांगितलं गाडीच्या दारात अडकली म्हणून.

मास्तर — सात माणसं, अगं. वाऱ्यात. त्या दंतवैद्याला ताप—

काकू — त्याचं मला वाईट वाटतं. त्याला मी काढा नेऊन दिला.

मास्तर — मी लोकांपुढं हात जोडले. बँकेतल्या बाईंचं ऐकून घेतलं. आकृत्या काढल्या! आणि तू शेजारी बसून होतीस. क्लच म्हणून खोटं सांगितलंस मला.

काकू — मी नाही सांगितलं. मी गाडी थांबवली आणि तोंड उघडायच्या आत तुम्हीच लांबून ओरडत आलात, ‘क्लच ना? मला वाटलंच होतं!’ मी नुसतं हो म्हटलं, आणि खाणीपाशी एवढंच. बाकीचं तुम्हीच जोडलंत. दमले होते. हो म्हणणं सोपं होतं.

गाडीवाला — सर, चहा सांडतोय तुमचा. खाली ठेवा.

मास्तर — तुला यायचं होतं तर म्हणायचं. मी काय नको म्हटलं असतं?

काकू — म्हटलं होतं.

मास्तर — केव्हा?

काकू — गट सुरू केलात त्या पहिल्या साली. तुम्ही म्हणालात, हो की, पुढच्या वेळी नक्की, आज गाडी कोण आणणार? पुढच्या वेळीही गाडी होतीच. त्याच्या पुढच्या वेळीही. मग मी विचारायची थांबले. तुम्हाला वाटलं मला चालवायला आवडतं.

मास्तर — आवडतं ना तुला.

काकू — आवडायचं. नवं होतं तेव्हा फार आवडायचं. शेजारणी बघायच्या, एवढी मोठी गाडी बाई कशी वळवते म्हणून. पण आता त्या वळणांचं काही वाटत नाही. तुम्ही सगळे दमूनभागून गाडीत बसता, अख्खा रस्ता बोलता. काय ते ढग, काय ते तळं. मी मागं वळून बघूही शकत नाही बोलणाऱ्याकडे. नवीन माणसं गटात आली की तळ्याचं वर्णन मीच करते, माहीत आहे तुम्हाला? ऐकून ऐकून पाठ झालंय. त्या बँकेतल्या बाईंनी एकदा विचारलं, काकू, तुम्हाला तळ्याची कुठली बाजू आवडते? मी म्हटलं, उगवतीची.

मास्तर — तिकडे दलदल आहे.

काकू — असेल. त्यांनी मान डोलावली. त्यांनाही माहीत नसावं.

गाडीवाला — ताई, मी बोलू का? माझी बायको कधी मागं लागली नाही, पण एकदा मी तिला हे सगळं आवार दाखवायला आणलं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर. तर ती म्हणाली, तुम्ही दिवसभर इथं उन्हात असता होय? मला वाटायचं ऑफिस आहे. तिला माहीतच नव्हतं, आणि मलाही माहीत नव्हतं की तिला माहीत नाही. असो. मी आपलं असंच सांगितलं.

मास्तर — ठीक आहे. ठीक आहे. मग उपाय साधा आहे. ड्रायव्हर ठेवू. एकाआड एक रविवारी एखादा माणूस सहज मिळेल. तो गाडी पलीकडे आणेल, तू आमच्याबरोबर चल.

काकू — इतकं सोपं होतं, नाही?

मास्तर — म्हणजे?

काकू — काही नाही. ड्रायव्हर ठेवा. गटासाठी ठेवायलाच हवा, मी आता चालवणार नाही. पण गटाबरोबर मी येणार नाही.

मास्तर — आत्ताच तर म्हणालीस—

काकू — त्या सगळ्यांच्या मागं धापा टाकत? दर दहा पावलांवर ‘काकू, जमतंय ना?’ ऐकत? आणि सगळे माझ्यासाठी थांबलेत आणि तुम्ही घड्याळ बघताय? तुम्ही बघणार. तुमचा दोष नाही, तुम्हाला सगळ्यांना पलीकडे उतरवायचं असतं. नको ते. मला तुमच्याबरोबर जायचंय. एकट्या तुमच्याबरोबर. गुडघा आहे तोवर.

मास्तर — आपण दोघंच?

काकू — दोघंच.

मास्तर — मग गाडी पलीकडे कोण—

काकू — कुणी नाही आणायची. ती पायथ्याशी उभी राहील.

मास्तर — आणि आपण?

काकू — परत यायचं तिच्याकडे.

मास्तर — त्याच वाटेनं?

काकू — त्याच वाटेनं.

मास्तर — अगं, मी कधी... म्हणजे इतक्या वर्षांत एकदाही मी आलेल्या वाटेनं उतरलेलो नाही. एकदा गारा पडल्या तेव्हासुद्धा नाही. लोक मला ओळखतात त्यासाठी. आरपारवाले मास्तर म्हणतात.

काकू — म्हणू देत. मी कुणाला सांगत नाही. हे गाडीवाले सांगतील तर सांगतील.

गाडीवाला — मी? छे. मला डोंगर ठाऊक नाही की गट ठाऊक नाही.

मास्तर — तेच दगड, तीच झाडं. पाठमोरी बघायची सगळी. त्यात काय बघण्यासारखं असतं मला समजत नाही.

काकू — तुम्हाला. मी कुठं बघितलीयेत ती एकदा तरी?

मास्तर — चहा खरंच गार झाला.

काकू — रागावलात?

मास्तर — रागावलोय. दंतवैद्याचं काय सांगू हा वेगळाच प्रश्न आहे. रागावलोय, पण नेमका कुणावर ते समजत नाहीये. तू टेकाडावर उभी राहून हाका मारतेयस आणि मी पुढं चालतोय, हे डोळ्यांपुढून जात नाहीये माझ्या. मी एकदा मागं वळून बघितलं असतं तर?

काकू — तुम्ही मागं बघायचा नियमच ठेवला नाहीत.

मास्तर — अहो, गाडीवाले.

गाडीवाला — बोला सर.

मास्तर — पेटारा भंगारात जाणार नाही.

गाडीवाला — बरं.

मास्तर — जो कुणी घेईल त्याला सांगा, गाडी निरोगी आहे. एकदा उशिरा पोचली, तेवढंच. आणि ती पांढरी... तिच्यात खरंच डाव्या पायाला काही काम नाही?

गाडीवाला — काही नाही. पाय नुसता ठेवून द्यायचा.

मास्तर — पोटाखाली उंची?

गाडीवाला — कमी आहे सर. खोटं कशाला सांगू? वीतभरसुद्धा नाही. कच्च्या रस्त्यावर खाली घासेल.

मास्तर — पायथ्यापर्यंत डांबर आहे. तेवढं जमेल. पुढं तिला कुठं जायचंय!

काकू — पाचच माणसं बसतात तिच्यात.

मास्तर — मला मोजता येतं. रविवारी एक फेरी मारून बघायला द्याल का? ठरलं तर मग घेऊ.

गाडीवाला — द्यायला काही नाही. चालवणार कोण, ताई?

मास्तर — मी.

काकू — तुम्ही?

मास्तर — मला येतं चालवता. घाटात क्लच आणि ब्रेकचा मेळ जमत नाही म्हणून मी सोडलं. हिच्यात क्लचच नाही म्हणतात.

गाडीवाला — सर, रागावू नका, पण परवाना चालू आहे ना तुमचा?

काकू — चालू आहे. दर वेळी स्वतःच जाऊन नवा करून आणतात आणि कपाटात ठेवतात.

गाडीवाला — मग शनिवारी संध्याकाळी या. इथल्या रिकाम्या जागेत दोन चकरा मारा माझ्यासमोर, मग न्या. आणि घासली-बिसली तर मला आधी सांगा, आकृती नको.

काकू — रविवारी गट आहे तुमचा.

मास्तर — दंतवैद्याला सांगतो, ह्या वेळी तुमचं तुम्ही बघा. त्याची बायको चालवते गाडी.

काकू — तिला चालवायला लावू नका हो!

मास्तर — मग आलटूनपालटून चालवतील. आणतील कुणीतरी. नाही आणली तर बसतील ओट्यावर. तुला तळ्यापर्यंत जमेल का पण? चढ आहे मधे. दोन ठिकाणी हात टेकावे लागतात.

काकू — नाही जमणार बहुतेक.

मास्तर — मग कुठवर जायचं?

काकू — माहीत नाही. वाट कशी आहे ती? दोघांना शेजारी-शेजारी चालता येईल एवढी रुंद आहे?

मास्तर — सुरुवातीला आहे. झाडीतून जाते तो टप्पा तसा ऐसपैस आहे. पुढं मात्र एकामागे एकच.

काकू — मग झाडी संपेपर्यंतच जाऊ.